दोन दोन एक, दोन दोन दोन एक

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वाजवून दाखवलेले भाग कंसात नोंदवले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मनोगत व गिटारवादन' असं छापलं आहे. त्यातलं मनोगत खरं. गिटारवादन हा शब्द जरा मोठा झाला. मला नीट वाजवता येतं ते एवढंच: 8 सूर चढायचे आणि तेच 8 सूर उतरायचे. पण या 8 सुरांची एक जुनी उधारी माझ्या नावावर आहे. ती आज सर्वांसमक्ष फेडायची आहे, म्हणून उभा राहिलो.

जुन्या सभासदांना आठवत असेल, 2005 ते 2010 मी आपल्या सोसायटीचा मानद सचिव होतो. टाकीची गळती, लिफ्टचं कंत्राट, थकबाकीदारांची यादी, सगळं माझ्याकडे. 2008 च्या जुलैमध्ये मी जिन्याजवळच्या फलकावर एक नोटीस लावली. माझ्या खालच्या, तिसऱ्या मजल्यावर तेव्हा अकरावीतला एक मुलगा राहत होता. तो रोज संध्याकाळी सातला गिटार घेऊन बसायचा. मी बँकेतून, लोकलमध्ये चेंगरून साधारण त्याच वेळी घरी यायचो. बाथरूमच्या डक्टमधून त्याचा आवाज थेट आमच्या घरात.

गाणं वाजवलं असतं तर मी कदाचित सोसलं असतं. पण तो गाणं वाजवतच नव्हता. तेच सूर वर, तेच खाली, आणि चुकला की पुन्हा पहिल्यापासून! मी नोटिशीत 'निरर्थक व कर्कश आवाज' असे शब्द घातले. वजन यावं म्हणून 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हवालाही दिला. आता त्या नियमांतली रात्र दहापासून सकाळी सहापर्यंत असते, आणि मुलगा वाजवत होता संध्याकाळी सातला. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तीन दिवसांत आवाज बंद झाला. सभेच्या इतिवृत्तात 'तक्रारीचे निवारण झाले' अशी नोंद आहे, माझ्याच अक्षरात.

आता 2020 वर येतो. टाळेबंदी लागली. मला सत्तरावं वर्ष. बागेत जायची बंदी, बँकेतल्या मित्रांचा कट्टा बंद, वर्तमानपत्रही येईना. नातीची गिटार कपाटामागे उभी होती. तिने ती हौसेने घेतली आणि तीन महिन्यांत सोडली होती. एके दिवशी मी ती पुसायला काढली आणि सहज एक तार छेडली. मग रोज दुपारी काहीतरी टिंगटिंग करायला लागलो. आमच्या सौ. लग्नाआधी गांधर्वची मध्यमा पूर्ण झालेल्या. त्या स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात मास्क लावलेला तरुण. खालचाच मुलगा, आता घरून नोकरी करायला बंगळूरहून आईवडिलांकडे आलेला. म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुमची गिटार लागलेली नाही. डक्टमधून येतंय सगळं. लावून देऊ का?"

माझा चेहरा काय झाला असेल, कल्पना करा. मला वाटलं, आता हा नोटीस काढणार. त्याने गिटार मागितली आणि दारातच पायरीवर बसून लावून दिली. वर म्हणाला, "रोज लावायची हं. आपण रोज कॅश जुळवायचात ना, तसं." तिथून माझं शिक्षण सुरू झालं. तो पायरीवर, मी उंबऱ्याच्या आत, मध्ये सहा फूट अंतर.

पहिला धडा तारांचा. गिटारला सहा तारा. जाड तारेकडून बारीक तारेकडे त्यांची नावं ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीला आपण पडदा म्हणतो, तेच. मी पडदाच म्हणतो. बोट पट्टीच्या वर ठेवायचं नाही, तिच्या जरा मागे दाबायचं, नाहीतर तार खरखरते. जाड तारेचा पाचवा पडदा दाबला की जो सूर निघतो, तोच पुढच्या मोकळ्या तारेचा असला पाहिजे. असंच पुढे. फक्त जी तारेवरून बी लावताना पाचवा नाही, चौथा पडदा. एका खात्याची अखेरची शिल्लक दुसऱ्या खात्याशी जुळवावी तसा हा ताळा. तो जमला की मला फार बरं वाटायचं. चाळीस वर्षांची सवय!

दुसरा धडा पडद्यांचा. मी विचारलं, "अरे, हे पडदे सारख्या अंतरावर का नाहीत? वर जाताना जवळजवळ होत जातात." तो म्हणाला, "काका, मोजून बघा." मी शिंपीकामाची टेप घेतली. तारेची वाजणारी लांबी 65 सेंटिमीटर. पहिल्या पडद्याने खाल्ले साडेतीनहून थोडे जास्त. अकराव्या आणि बाराव्या पडद्यांमध्ये उरलं होतं जेमतेम दोन सेंटिमीटरचं अंतर. आणि बारावा पडदा? 32.5 वर. बरोबर मध्यावर!

माझ्या डोक्यात दिवा लागला. हा तर घसारा! घटत्या शिलकीवर काढतात तो. प्रत्येक पडदा तारेच्या मूळ लांबीतून ठरावीक तुकडा कापत नाही, उरलेल्या लांबीचा साधारण अठरावा भाग कापतो. शिल्लक कमी होत जाते तसा कापला जाणारा तुकडाही लहान होत जातो. पुढे वाचनात आलं की सोळाव्या शतकात इटलीत विन्चेन्झो गॅलिलेई या संगीतकाराने ल्यूट नावाच्या वाद्याचे पडदे बसवायला हाच अठराव्या भागाचा नियम सांगितला होता. हे गृहस्थ म्हणजे दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील.

तारेची लांबी हा झाला घसारा. आता सुराची उंची बघा, ते चक्रवाढ व्याज आहे. ए ही मोकळी तार सेकंदाला 110 वेळा कंप पावते. पहिल्या पडद्यावर 116.5, दुसऱ्यावर 123.5. म्हणजे दर पडद्याला साधारण 5.95 टक्के वाढ, तीही आधीच्या वाढीसकट. बँकेत आम्ही ग्राहकांना 72 चा नियम सांगायचो: 72 ला व्याजदराने भागा, तितक्या वर्षांत पैसे दुप्पट. सहा टक्क्यांनी 12 वर्षं. इथेही जवळजवळ सहा टक्के आणि 12 पडदे! बाराव्या पडद्यावर तीच तार 220 कंपनं देते, अगदी दुप्पट. तोच सूर, पण वरचा. सा आणि वरचा सां. सरळ व्याज लावलं असतं तर बाराव्या पडद्यावर 188 लाच अडकलो असतो आणि वरचा सां कधी भेटलाच नसता.

(येथे ए तार मोकळी आणि मग बाराव्या पडद्यावर वाजवली.)

ऐकलंत? आवाज वेगळा, पण नातेवाईक एकच.

तिसरा धडा स्केलचा. तिथे आमच्या सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मुलगा मला सांगत होता की 12 पडद्यांचे 12 सूर, पण एका वेळी सगळे घ्यायचे नाहीत. निवडून सात घ्यायचे आणि आठवा वरचा सां. निवडायची रीत: दोन पडदे पुढे, दोन पुढे, एक पुढे, मग दोन, दोन, दोन, एक. बेरीज 12. याला मेजर स्केल म्हणतात. मी पाठ करायला लागलो, दोन दोन एक, दोन दोन दोन एक. जुन्या फोन नंबरसारखं.

सौ. म्हणाल्या, "अहो, हे काय मोजत बसलाय? हा बिलावल थाट. सगळे शुद्ध स्वर. ग आणि म शेजारी, नी आणि सां शेजारी, बाकी सगळीकडे मध्ये एक घर मोकळं. सात शुद्ध, रे ग ध नी हे चार कोमल, आणि एक तीव्र मध्यम. झाले तुमचे बारा."

मुलगा बघतच राहिला. म्हणाला, "काकू, आणि हेच सूर सा सोडून दुसऱ्या सुरापासून सुरू केले तर?"

"त्याला मूर्च्छना म्हणतात," सौ. म्हणाल्या. "रे ला सा मानलं तर काफी. ग ला मानलं तर भैरवी. म पासून कल्याण, प पासून खमाज, ध पासून आसावरी."

मुलाने वाजवून पाहिलं. धैवतापासून वाजवल्यावर तो म्हणाला, "ही तर मायनर स्केल!" त्यांच्याकडे सी मेजर आणि ए मायनर ही एकाच सात सुरांची दोन घरं. एकाच इमारतीत दोन जिने असावेत तसं. मजले तेच, पण तुम्ही कुठून आत शिरलात त्यावर घर वेगळं दिसतं. मेजर आणि मायनर यांत कानाला पहिल्यांदा जाणवतो तो फरक एका पडद्याचा. गंधार एक पडदा खाली आला, कोमल झाला, की हसरं स्केल गंभीर होतं.

(येथे सा, ग, प हे स्वर एकत्र, प्रथम शुद्ध आणि मग कोमल गंधारासह वाजवून दाखवले.)

तीन सूर एकत्र वाजवले की कॉर्ड होते. सा, शुद्ध ग, प ही मेजर कॉर्ड. ग कोमल केला की मायनर. हजारो गाण्यांची साथ या पायावर उभी असते.

इथे सौभाग्यवतींनी एक खोड काढलीच. म्हणाल्या, "तुमच्या गिटारचा गंधार किंचित चढा आहे." मला वाटलं, ही उगाच. पण आकडेमोड केली तर त्यांचंच बरोबर! तंबोऱ्याशी मिळणारा गंधार सा च्या सव्वापट असतो. 110 चे सव्वापट 137.5. गिटारचा चौथा पडदा देतो 138.6. म्हणजे एका कंपनाहून जास्त फरक, तो त्यांच्या कानाने पकडला. पडदे असे का बसवतात? कारण कुठल्याही पडद्यावरून सा सुरू केला तरी हिशोब जमला पाहिजे. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक सुराने आपल्या हक्काच्या जागेतलं थोडं थोडं सोडलं आहे. कुणी जरासं, कुणी त्याहून अधिक. तेव्हा कुठे बारा जण एका मानेवर नांदतात. हे मी अठ्ठावन्न सदनिकांच्या सोसायटीत सांगतोय, अधिक बोलायला नको.

ज्यांना तेवढंही सोडायचं नसतं, ते पडद्याला चिकटतच नाहीत. पंडित ब्रिजभूषण काबरा गिटार मांडीवर आडवी घेऊन तारेवरून धातूची कांडी सरकवत राग वाजवायचे. त्यांना हवा तो गंधार आणि हवी ती मींड मिळायची. आमच्या पिढीने त्यांना ऐकलं ते 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डमध्ये, शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर. पण ते पुढचं विश्व. माझ्यासारख्याने पडद्यावर राहावं.

चौथा धडा रियाजाचा, आणि माझ्या उधारीचा हिशोब इथे सुरू होतो. मुलाने मला सी मेजरचे 8 सूर दाखवले. जाड तारेकडून मोजत दुसऱ्या तारेवर तिसरा पडदा, हा सा. तिसरी तार मोकळी, मग दुसरा पडदा, मग तिसरा. चौथी तार मोकळी, मग दुसरा पडदा. पाचवी तार मोकळी, मग पहिला पडदा, हा वरचा सां. बस, इतकंच. म्हणाला, "मेट्रोनोम 60 वर लावा. एका ठोक्याला एक सूर. वर जा, खाली या. रोज वीस मिनिटं. चुकलात तर थांबू नका, पण पुन्हा पहिल्यापासून करा."

मी वाजवायला लागलो. पहिले तीन आठवडे बोटांची टोकं अशी दुखायची की चहाचा कप धरवेना. करंगळी ऐकेना. सातव्या सुरावर हमखास अडखळायचो. पुन्हा पहिल्यापासून. आणि एका संध्याकाळी, सात वाजले असतील, वाजवता वाजवता माझा हात थांबला. हे मी आधी ऐकलं होतं. अगदी हेच सूर, याच क्रमाने, याच डक्टमधून, 2008 मध्ये. मी ज्याला 'निरर्थक व कर्कश' म्हटलं होतं ते हे होतं. सी मेजर! तो मुलगा सातव्या सुरावरच अडखळत होता की काय कोण जाणे. मी कधी ऐकलंच नव्हतं, नुसतं मोजलं होतं, किती वेळ चाललंय ते.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला नोटिशीबद्दल विचारलं. म्हटलं, "तुला आठवते का रे?" तो हसला. "आठवते की काका. बाबांनी मला खाली नेऊन वाचायला लावली होती."

"मग तू सोडूनच दिलीस?"

"नाही. घोडीजवळ तारांखाली नॅपकिन कोंबायचो. मग नुसतं टकटक व्हायचं, बाहेर ऐकू जायचं नाही. बारावीपर्यंत तसंच वाजवलं." थोडा थांबून म्हणाला, "फक्त मलाही ऐकू यायचं नाही. त्यामुळे बोटं तयार झाली, कान मागे राहिला. कॉलेजात गेल्यावर कळलं, मला सूर ओळखताच येत नाहीत. तिथून पुन्हा सुरुवात केली."

तो हे अगदी साधेपणाने बोलला, तक्रार म्हणून नाही. पण मित्रहो, मी ते विसरू शकलेलो नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दीड वर्षं मुका स्केल वाजवत राहिला, वर राहणाऱ्या काकांना त्रास नको म्हणून. आणि वरचे काका इतिवृत्तात लिहीत होते, तक्रारीचे निवारण झाले.

त्याच सुमारास सौ. एकदा सहज म्हणाल्या, "माझा तंबोराही बदल्यांमध्ये असाच गेला. तिसऱ्या बदलीला तुम्ही म्हणालात, ट्रकमध्ये जागा नाही." एवढंच बोलल्या आणि कोथिंबीर निवडायला बसल्या. मला तो ट्रक आठवत होता, तंबोरा आठवत नव्हता. तेव्हा उधारी एकाच घरची नव्हती, हेही कबूल करतो. गेल्या दिवाळीत आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आहे. पहाटे साडेसहाला सौ. गातात. खालून अजून तक्रार आलेली नाही, याबद्दल तिसऱ्या मजल्याचे आभार.

ज्येष्ठांना चार गोष्टी सांगतो. सत्तरीत स्केल शिकता येतं. त्याला गळा लागत नाही, मोठी बुद्धीही लागत नाही. बारापर्यंत मोजता आलं की पुरे. नायलॉनच्या तारांची गिटार घ्या, बोटं कमी दुखतात. नखं कापा. लावायला मोबाइलवर ट्यूनर मिळतो, पण आधी कानाने लावा आणि मग त्याने तपासा. गाण्याची घाई करू नका. एकाच तारेवर दोन दोन एक, दोन दोन दोन एक करा आणि तोंडाने सारेगम म्हणा. पंधरा दिवसांत कान आधी सांगतो, बोट चुकलं म्हणून. मला हाच सगळ्यात मोठा लाभ वाटतो. आयुष्यभर मी आकडे वाचले. ऐकायला सत्तरीनंतर शिकलो.

आणि आईवडिलांना विनंती. घरात मूल तेच तेच वाजवत असेल तर 'एखादं गाणं वाजव की' असं म्हणू नका. ते गाण्याचीच वाट तयार करत असतं.

आता शेवटचं. बँकेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की चुकीची नोंद खोडायची नाही, रबर लावायचं नाही. चूक तशीच दिसू द्यायची आणि तिच्यासमोर उलट नोंद करायची. 2008 चं इतिवृत्त मी खोडू शकत नाही. म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे: सोसायटी कार्यालयाची खोली रोज संध्याकाळी 5 ते 8 कुठल्याही वाद्याच्या सरावासाठी सभासदांच्या मुलांना आणि ज्येष्ठांना खुली ठेवावी. किल्ली सांभाळायला मी तयार आहे. सूचक मी, अनुमोदक हवा आहे. आणि त्या खोलीत कुणीही तारांखाली नॅपकिन घालायचा नाही.

तो तरुण आज इथे मागच्या रांगेत बसला आहे. हे सगळं त्याच्या परवानगीने बोललो. मघाशी गिटार त्यानेच लावून दिली आणि जाताना म्हणाला, "काका, दहाच्या आत संपवा हं, नियम आहे." अरे, तुझी माफी मागायला मला बारा वर्षं लागली आणि ती सर्वांसमोर मागायला आणखी पाच. तीही बरीच व्याजासकट झाली. आज फेडतोय. माफ कर.

आता ते 8 सूर वाजवतो. तुम्हाला निरर्थक वाटले तर लेखी तक्रार सचिवांकडे द्यावी.

(येथे सी मेजर स्केल वाजवून दाखवले. सातव्या सुरावर चूक झाल्याने पुन्हा पहिल्यापासून.)